रिपोर्ट आल्यानंतरचे दिवस: मन गुंतवायचं कसं

कॅन्सर असल्याचं सांगणारा बायोप्सीचा (शरीरातला छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. काढलेल्या तुकड्यावर आणखी तपासण्या होतात, पेट-सीटी किंवा एमआरआय स्कॅनची तारीख मिळते, मग वेगवेगळे डॉक्टर एकत्र बसून काय करायचं ते ठरवतात. या दिवसांत धावपळ नातेवाइकांची होते. ज्याला आजार झालाय त्याला मात्र वाट बघण्यावाचून काम नसतं. केमोथेरपी सुरू झाल्यावर किमान तारखा असतात, औषधांच्या वेळा असतात. आत्ता काहीच नसतं. म्हणून हे सगळं मुख्यतः या मधल्या दिवसांसाठी लिहिलं आहे, ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून.

‘मन रमव कशात तरी’ असं भेटेल तो सांगतो. ते जमत नाही याचं कारण बहुधा एकच असतं: छातीत धस्स झाल्यावर माणूस कशात मन रमवावं हे शोधायला लागतो. त्या क्षणी डोकं निवड करण्याच्या स्थितीत नसतं. लोकर कपाटात वर कुठेतरी, शब्दकोडं सापडत नाही, पेन्सिलीला टोक नाही, मग हात आपोआप फोनकडे जातो आणि फोनवर पुन्हा तोच आजार शोधला जातो. त्यामुळे सामान शांत वेळी काढून ठेवायचं आणि कुठल्या वेळेला काय करायचं तेही तेव्हाच ठरवायचं.

आधी फाइलची वेळ ठरवा

मन दुसरीकडे वळवणं आणि आजाराकडे पाठ फिरवणं यांत फरक आहे, आणि तो ओळखता येतो. हॉस्पिटलचा फोन उचलला नाही, रिपोर्टचं पाकीट उघडलं नाही, तपासणीची तारीख स्वतःहून पुढे ढकलली, असं व्हायला लागलं तर ते पाठ फिरवणं आहे.

यावर साधा उपाय म्हणजे रोज सकाळी ११ ते १२ हा तास फाइलचा. अपॉइंटमेंटचे फोन, विम्याची किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, झेरॉक्स, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सगळं याच तासात. या वेळेला ऑफिसं उघडी असतात आणि हॉस्पिटलचे फोनही लागतात. दिवसभरात आजाराबद्दल जे काही मनात येईल ते शंभर पानी वहीत एका ओळीत लिहायचं आणि ‘उद्या अकराला’ म्हणून वही मिटायची. लिहून ठेवलं की ते विसरण्याची भीती जाते. भीतीने फेऱ्या मारणाऱ्या विचारांपैकी बरेचसे ‘हे विचारायचं राहून जाईल’ याच प्रकारचे असतात. बारा वाजता फाइल पिशवीत घालून कपाटात ठेवा. ती टीव्हीशेजारी किंवा जेवणाच्या टेबलावर पडलेली असेल, तर दिवसभर डोळ्यांना तीच दिसत राहते.

टीव्ही का पुरत नाही

टीव्ही डोळ्यांना गुंतवतो, डोक्याला नाही. मालिका चालू असते आणि मनात रिपोर्टमधली वाक्यं चालू असतात. अर्ध्या तासाने विचारलं तर पडद्यावर काय झालं ते सांगता येत नाही. काळजी करायला डोक्यातली जी जागा लागते, तीच जागा मागणारं काम हवं: मोजायचं, जुळवायचं, लक्षात ठेवायचं, बोटांनी नेमकं करायचं. पण ते फार कठीणही नको. निदानानंतरच्या पहिल्या दिवसांत एकाग्रता खूप कमी झालेली असते. एरवी तीनशे पानं एका बैठकीत वाचणाऱ्यालाही दोन पानं वाचून पहिलं पान आठवत नाही. याला घाबरू नका. कादंबरी बाजूला ठेवा आणि दिवाळी अंक काढा. चार-पाच पानांत संपणारा मजकूर तिथे भरपूर मिळतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयाचं घरात कोणाचं सभासदत्व असेल तर जुने अंक आणायला त्यांना सांगा.

एखादं काम उपयोगाचं आहे की नाही हे ओळखायची खूण अशी: पाच मिनिटं ते केल्यावर ‘आता कितवं होतं?’ असा प्रश्न पडला पाहिजे. तो पडत नसेल तर काम फारच सोपं आहे. चुकून चिडचिड व्हायला लागली तर फार अवघड आहे.

हाताची कामं

आमच्या मते घरातल्या सगळ्या कामांत बिरड्याला, म्हणजे मोड आलेले वाल सोलण्याला, तोड नाही. पाव किलो कडवे वाल रात्रभर, दहा-बारा तास भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि चोवीस तास ठेवा; थंडीत थोडा जास्त वेळ लागतो, मे महिन्यात कमी. मोड आले की कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं सोडा आणि एकेक वाल दोन बोटांत दाबा, साल सुटून दाणा बाहेर येतो. पाणी गरम झालं तर दाणे मऊ पडून दुभंगतात, गार राहिलं तर साल निघत नाही आणि नखं दुखतात. फडक्यात जास्त वेळ राहिले तर बुळबुळीत होऊन वास येतो, ते टाकून द्या. एकट्या माणसाला पाव किलो सोलायला पाऊण तास तरी लागतो. प्रत्येक दाणा म्हणजे एक छोटं पूर्ण झालेलं काम, आणि दाणा फुटू नये इतकंच लक्ष त्याला द्यावं लागतं. शिवाय दोन दिवसांचं काम असल्याने उद्यासाठी काहीतरी भिजत पडलेलं असतं, हेही या दिवसांत लहान नाही. समोर घरातलं कोणी सोलायला बसलं तर एकमेकांकडे न बघता बोलता येतं. अवघड बोलणी अशीच होतात.

मटार सोलणं, तांदूळ निवडणं, लसूण सोलणं ही याचीच धाकटी भावंडं. वासाने मळमळत असेल तर लसूण नको. केमो सुरू झाल्यावर मोडाची कडधान्यं कच्ची खाऊ नका, नीट शिजवलेलीच खा. त्या काळात विळी आणि धारदार सुरीपासूनही लांब राहिलेलं बरं, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना छोटीशी जखमही त्रास देते. कुंड्यांतल्या मातीचं काम तेव्हा दुसऱ्याला द्या, किंवा डॉक्टरांना विचारून हातमोजे आणि मास्क लावून करा.

क्रोशे कधीच केलं नसेल तरी दोन दिवसांत येतं. साडेतीन ते चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची फिकट रंगाची लोकर घ्या. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत, संध्याकाळी तर मुळीच नाही, आणि नवशिक्यांचा बहुतेक वैताग तिथूनच सुरू होतो. बावीस साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब (सुईवर लोकर एकदा गुंडाळून घालायचा उभा टाका) घ्या आणि शेवटपर्यंत एकेक खांब घालत जा. सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब धरल्या की ओळीत वीस खांब होतात. पुढच्या ओळीला तीन साखळ्या घालून वळा. चौकोनाचा हळूहळू त्रिकोण होऊ लागला तर समजा की ओळीचा शेवटचा खांब सुटतोय. दर ओळीला वीस मोजा. हे मोजणं हाच खरा फायदा आहे, त्यामुळे गळपट्टा पूर्ण झालाच पाहिजे असं काही नाही. उसवून पुन्हा घातलं तरी चालतं. पुढे काही औषधांनी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. तसं झालं तर जाड सुई घ्या आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

ठिपक्यांची रांगोळी जमिनीवर नको, कागदावर पेन्सिलीने काढा. बायोप्सीची जखम ताजी असताना वाकून बसणं अवघड जातं. सात ते चार ठिपके (मधली ओळ सातची, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत चारपर्यंत) मांडले तर एकूण ३७ होतात आणि दहा मिनिटांत आकृती होते. पंधरा ते आठ मांडले तर १६९ होतात आणि तास निघून जातो. एक ठिपका चुकला की शेवटी रेघ जुळत नाही, म्हणून आधी सगळे ठिपके मोजून घ्या, मगच रेघ ओढा.

जिगसॉ घ्यायचा असेल तर वन बीएचकेमध्ये हजार तुकड्यांचा घेऊ नका. जेवणाच्या वेळी तो उचलावा लागतो आणि मोडतो. दोनशे-तीनशे तुकड्यांचा घ्या, प्लायवूडच्या फळीवर मांडा आणि रात्री फळी पलंगाखाली सरकवा. पत्त्यांत बदाम सात आणि पाच-तीन-दोन बरे, कारण डाव लवकर संपतो आणि कंटाळा आला तर उठता येतं. घरात शाळकरी मूल असेल तर त्याचे पाढे घेणं, शुद्धलेखन घालणं ही कामं तुमच्याकडेच राहू द्या. ‘तुम्ही आराम करा’ म्हणत घरचे सगळी कामं काढून घेतात तेव्हा दिवस आणखी मोठा होतो.

घराबाहेर

डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नसेल तर रोज एकदा बाहेर पडा, आणि बाहेर पडताना काय मोजायचं ते ठरवून पडा. नुसतं चालताना विचार बरोबर चालत येतात.

ठाण्यात तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, सकाळी सातच्या आधी. संध्याकाळी गाड्या, गर्दी आणि ओळखीची माणसं भेटतात, आणि ओळखीच्या प्रत्येकाला नव्याने सगळं सांगण्याची ताकद रोज असेलच असं नाही. तलावाच्या एका फेरीत किती जातींचे पक्षी दिसले, दुसऱ्या फेरीत नवीन कोणता, एवढं पुरे. उपवन तलाव सकाळी शांत असतो. नवी मुंबईकरांना नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार किंवा खारघरचं सेंट्रल पार्क आहे. सपाट वाट आणि थोड्या-थोड्या अंतरावर बसायला जागा या दोन गोष्टी बघून निवडा. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत खाडीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो असतात. भरती असते तेव्हा ते नेरूळच्या आतल्या पाणथळींत जवळ येतात, ओहोटीला दूरच्या चिखलात पसरतात, म्हणून भरतीची वेळ पाहून जा. थव्यातले पन्नास मोजा, तेवढी जागा नजरेने आखा आणि अख्ख्या थव्यात अशा किती जागा बसतात त्यावरून अंदाज काढा. वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. मार्चनंतर दहाच्या आत घरी परत या.

नाटक बघायची आवड असेल तर गडकरी रंगायतनाचं किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाचं तिकीट आत्ताच काढा, कडेच्या खुर्चीचं, म्हणजे मध्येच उठावंसं वाटलं तर दहा जणांच्या पायांवरून जावं लागणार नाही. केमोच्या दिवसांत बंद सभागृहातली गर्दी टाळायला सांगतात.

हॉस्पिटलच्या बाकावर आणि मशीनमध्ये

परळचं टाटा हॉस्पिटल असो, टाटाचंच खारघरचं अॅक्ट्रेक असो की घराजवळचं खासगी हॉस्पिटल, ओपीडीत काही तास बसावं लागेल असं धरूनच निघा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना जाता येतं, त्यासाठी हॉस्पिटलचा कागद पिशवीत वर ठेवा. पिशवीत शाल (एसीचा गारठा बसतो), पाणी, कोरडा खाऊ, टोक केलेल्या दोन पेन्सिली, शब्दकोड्यांची वही, इअरफोन आणि चार्ज केलेली पॉवर बँक. गाणी, कीर्तन, मुलाखती, जे ऐकणार ते घरीच डाउनलोड करा. स्कॅनचे विभाग पुष्कळदा तळघरात असतात आणि तिथे रेंज मिळत नाही. सोबत आलेल्याशी गाण्यांच्या भेंड्या हळू आवाजात खेळता येतात. शेजारच्या बाकावरच्या रुग्णाशी बोलावंसं वाटलं तर बोला, पण त्याच्या आजाराची तुलना स्वतःशी करायला जाऊ नका. नाव एकच असलं तरी प्रकार आणि टप्पा वेगळा असतो.

पेट-सीटीच्या वेळी यातलं जवळजवळ काहीच चालत नाही, आणि ते आधी माहीत नसेल तर तो तास फार जड जातो. या तपासणीत साखरेसारखं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. जे स्नायू काम करत असतात ते ही साखर ओढून घेतात आणि चित्रात उजळ दिसतात. म्हणून साधारण सहा तास उपाशी ठेवतात, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको म्हणतात आणि इंजेक्शननंतर पाऊण ते एक तास निश्चल पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, चघळायचं नाही, क्रोशे तर नाहीच. थंडीनेही चित्रात गोंधळ होऊ शकतो, म्हणून गारठा वाटला तर लगेच पांघरूण मागा. या तासासाठी विरंगुळा फक्त डोक्यातला. डोळे मिटा आणि ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं घ्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. मग पनवेलहून उलटी. मग प्रत्येक स्टेशनवर मनाने उतरा आणि बाहेर पडल्यावर डाव्या हाताला काय आहे ते आठवा. ही गाडी पनवेलला पोचेपर्यंत बराच वेळ जातो. एमआरआयच्या मोठ्या खडखडाटातही हेच चालतं. तिथे डोळे मशीनमध्ये जाण्याआधीच मिटून घ्या, आत गेल्यावर मिटले तर जागेचा अरुंदपणा आधी जाणवलेला असतो.

माणसं आणि फोन

सांत्वनाला येणाऱ्यांना काय बोलायचं ते कळत नाही, म्हणून ते आजारावरच बोलतात. त्यांना सरळ विषय द्या. ‘काकू, रिपोर्टचं राहू दे, जांभळी नाक्यावर भाजीचे भाव काय आहेत ते सांगा.’ ‘दादा, क्रिकेटचं बोल.’ बहुतेकांना यामुळे सुटल्यासारखं वाटतं. तब्येतीची बातमी सांगायला घरातला एकच माणूस नेमा. रोज संध्याकाळी त्याने एक निरोप सगळ्यांना पाठवावा. रामबाण काढ्यांचे निरोप येणारे ग्रुप म्यूट करा आणि तसलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

इंटरनेटवर जगण्याच्या टक्केवारीचे जे आकडे दिसतात ते काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या लोकांचे, सगळ्या वयांचे मिळून काढलेले असतात. तुमच्याबद्दल त्यांवरून काही ठरत नाही. वाचायचंच असेल तर फाइलच्या तासात वाचा, आणि प्रश्न वहीत लिहा.

तुम्ही पत्ते खेळताना हसलात तर घरातल्या कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल, आणि तुम्हालाही अपराधी वाटेल. तसं वाटू देऊ नका, आणि घरच्यांनीही ‘हिला काही वाटतच नाही’ असा अर्थ काढू नये. त्यांनाही अशीच कामं लागतात. बिरडं सोलायला त्यांना बसवा.

जमलं नाही तर

दोन मिनिटांत मन परत तिथेच गेलं तर काम लहान करा. एक ओळ क्रोशे, दहा वाल, एक डाव. डोळ्यांचं काम जमत नसेल तर हाताचं घ्या, हाताचं जमत नसेल तर उठून बादलीभर कपडे घडी करा. रडू आलं तर आधी रडून घ्या, वाल थांबतात.

मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच क्षणभरही मन लागत नाही, असं असेल तर ते विरंगुळ्याने सुटणारं नाही. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच तसं स्पष्ट सांगा, त्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही आहेत. जगू नये असे विचार आले तर सकाळची वाट बघू नका. घरातल्या माणसाला उठवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

रात्र

दोन-तीनच्या सुमाराला जाग येते आणि सगळं दुप्पट मोठं दिसतं. त्यासाठी संध्याकाळीच एक ताट तयार करून पलंगाजवळच्या खुर्चीवर ठेवा: झाकणाचं पाण्याचं भांडं, वही-पेन्सिल, लहान टॉर्च, वाटीभर मिसळलेले राजमा आणि चणे, दोन रिकाम्या वाट्या. फोन हात पोचणार नाही असा, पण घंटी ऐकू येईल असा दुसऱ्या बाजूला. घड्याळाचं तोंड भिंतीकडे.

आधी पडल्या पडल्या मुळाक्षरं घ्या. क पासून सुरू करून प्रत्येक अक्षराचं एक गाव: कळवा, खोपोली, गुहागर, घणसोली. ङ, ञ, ण आणि ळ सोडून द्या, त्यांच्यापासून गाव सुरू होत नाही. ज्ञ पर्यंत पोचलात तर भाज्या घ्या, मग नातेवाइकांची नावं. अडलात तर चांगलंच, अडलेल्या अक्षरावरच बहुधा झोप लागते. अंदाजे वीस मिनिटांत लागली नाही तर पडून राहू नका. खुर्चीत बसा, मंद दिवा लावा आणि राजमा-चणे वेगळे करा. टॉर्च राजम्यावर धरा, खोलीतल्यांच्या तोंडावर नको. चहा करू नका. डोळे जड झाले की वाट्या तशाच ठेवून आडवे व्हा, आणि सकाळी दोन्ही वाट्या पुन्हा एकत्र करून ताट रात्रीसाठी भरून ठेवायला घरातल्या कोणाला तरी सांगा.